वय नको, जाडी सांगा

नमस्कार मंडळी. आजचा विषय, गाडीच्या ब्रेकचे पॅड आणि डिस्क केव्हा बदलायच्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या वड्या. आपण पुणेकर, त्यामुळे खरा विषय ‘बदलायच्याच का’ असा आहे. (हशा)

मागच्या जुलैतली गोष्ट. गाडी सर्व्हिसिंगला टाकली. कुठे ते सांगत नाही, त्यांची गिऱ्हाइकं इथेही बसली असतील. दुपारी फोन. “सर, पॅड संपलेत, डिस्कही गेल्यात, दोन्ही टाकू या.” म्हटलं, पॅड किती मिलिमीटर राहिलंय? शांतता. मग म्हणतो, “सर, गाडी चाळीस हजार चाललीय.” अहो, मी बीपी विचारतोय, तुम्ही वय सांगताय! रिक्षा केली, तडक गेलो. चारही चाकं जागेवर, नटांवर चिखल तसाच वाळलेला. म्हणजे कुणी पान्नाही लावलेला नाही. समोर चाक काढायला लावलं आणि खिशातून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची जबड्यांची पट्टी, काढला. हो, खिशात असतो. माझे खिसे का फाटतात ते आमच्या हिला विचारा. बाहेरचं पॅड सहा मिलिमीटर! नवंच मुळी दहा-बारा असतं. मी विजयी मुद्रेनं वळलो, तर तिथला एक पोरगा हळूच म्हणाला, “काका, आतलं बघा.” टॉर्च मारला. आतलं जेमतेम दोन. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची पिन जाम, त्यामुळे एकटं आतलंच घासत होतं. न बघता सांगितलेलं निदान अर्धं बरोबर निघालं, याचा मला अजून राग आहे.

काय? पाच मिनिटं? बरं, पळवतो.

पॅड तीन मिलिमीटरवर आलं की बदला, डावं-उजवं दोन्हीकडचं. बारीक ‘कीं’ आवाज म्हणजे पॅडची इशारा-पट्टी डिस्कला लागली. सगळ्या पॅडना ती नसते. ‘खर्र’ आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड, आता डिस्कही गेली. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो, तो दोन-चार ब्रेकांत जातो, घाबरू नका. ब्रेक ऑइल खाली गेलं तर आधी पॅड बघा. पॅड झिजलं की त्याला ढकलणारा पिस्टन पुढे सरकतो, तेल तिकडे जातं. नुसतं वरून ओतलंत तर इशारा पुसलात.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. नवी 22 असेल तर 20, असं काहीतरी. व्हर्नियरनं मोजू नका. काठाला न झिजलेली कड उरते, जबडे तिच्यावर बसतात, आकडा जास्त येतो. मायक्रोमीटर लावा, त्याची बारीक टोकं कडेच्या आत पोचतात. मी त्या दिवशी व्हर्नियरच लावला होता, डिस्क वाचवली म्हणून पेढे वाटायचे बाकी होते! पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पेडल थरथरायला लागलं, तेव्हा नव्या डिस्कसाठी नाना पेठेतला स्पेअर पार्टचा बाजार गाठला. पातळ डिस्क लवकर तापते. त्या उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका.

मागच्या चाकांचे ड्रम? त्यात लायनर असतात, ते पुढच्या वेळी. हे माझं जुनं पॅड फिरवतोय, बघा आणि परत द्या. मागच्या व्याख्यानात असाच फिरवलेला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, अजून परत आलेला नाही.