नळाच्या जागी स्विमिंग पूल

[दृश्य : पहाट. रुंद, रिकामी वाळू. दूरवर समुद्राची बारीक रेघ. फक्त वाऱ्याचा आवाज.]

समुद्र समोर दिसतो खरा, पण पाय भिजवायला निघालात की वाटेत एकदा तरी मनात येतं, अजून किती? वाइल्डवुडचा किनारा असाच आहे. समुद्र इथे वर्षानुवर्षं वाळू आणून टाकतोय आणि स्वतः मागे मागे सरकतोय.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण टोकाजवळचं हे लांबुडकं बेट. त्याला म्हणतातच फाइव्ह माइल आयलंड. त्यावर एकाला एक चिकटलेली तीन गावं आहेत: नॉर्थ वाइल्डवुड, वाइल्डवुड आणि वाइल्डवुड क्रेस्ट.

या वाळूवर बसायला पैसे पडत नाहीत. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत उन्हाळ्यात किनाऱ्यावर जायचं तर बिल्ला विकत घ्यावा लागतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमची आई म्हणाली होती, "चौपाटीला तिकीट?" त्या दोन शब्दांनी आमच्या घरच्या पुढच्या वीस उन्हाळ्यांचा निकाल लागला.

[दृश्य : जुने, पिवळे पडलेले फोटो. गाडीच्या टपावर बांधलेलं सामान. साडीवर स्वेटर घातलेली बाई, हातात कुकर.]

साल 1984. आम्ही राहायचो न्यू जर्सीतच, वर आयसेलिनला. तिथून इथे येणारा महामार्ग म्हणजे गार्डन स्टेट पार्कवे, आणि त्यावर एक्झिटचे आकडे म्हणजे मैल. 131ला चढायचं आणि 4ला उतरायचं, त्यामुळे वजाबाकी आम्हा भावंडांना शाळेआधी पार्कवेनेच शिकवली. मध्ये मध्ये टोलनाके. प्रत्येक नाक्यावर 25 सेंटचं नाणं खिडकीतून टोपलीत फेकायचं, आणि ते कोणी फेकायचं यावरून मागच्या सीटवर मारामारी.

डिकीत कुकर, तांदूळ, मेतकूट, भडंग आणि इस्त्री. इस्त्री कशाला, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

मुक्काम मोटेलात. मोटेल हा शब्दच मोटर आणि हॉटेल यांची मोडतोड करून केलेला. 1925 साली कॅलिफोर्नियात सॅन लुईस ओबिस्पो इथे तो पहिल्यांदा पाटीवर चढला. गाडी दारात लावा, दार उघडा, झोपा. लॉबी नाही, हमाल नाही, कुणाला टिप द्यायची आणि किती, हा घोर नाही. नव्याने आलेल्या माणसाला या शेवटच्या गोष्टीचं केवढं सुख असतं, ते नव्याने आलेल्यालाच विचारा.

आमच्या मोटेलचं नाव सांगत नाही. त्या नावात एक बेट होतं, आणि मालकीणबाईंनी ते बेट जन्मात पाहिलेलं नव्हतं.

[दृश्य : दुमजली मोटेल, यू आकाराचं. मध्ये पूल. लोखंडी कठड्यांवर वाळत घातलेले रंगीबेरंगी टॉवेल. कॅमेरा गॅलरीतून हळूहळू पुढे सरकतो.]

दोन मजले. एका ओळीत खोल्या, आणि सगळ्यांसमोरून जाणारी एकच उघडी गॅलरी. लोखंडी कठडा, त्यावर टॉवेल आणि पोहण्याचे कपडे. प्रत्येक दाराबाहेर दोन खुर्च्या. कुणालाही आपल्या खोलीत जायचं तर चार जणांच्या खुर्च्यांसमोरून, त्यांचे पाय चुकवत जावं लागे.

बाबा गिरगावात वाढलेले. पहिल्याच संध्याकाळी ते कठड्याला टेकून खाली बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ही तर चाळ आहे. फक्त नळाच्या जागी स्विमिंग पूल."

हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. इमारत बांधण्यामागचा हिशेब दोन्हीकडे एकच होता. आतून कॉरिडॉर काढला की जागा जाते, तिथे दिवे लागतात, खर्च वाढतो. तोच रस्ता बाहेर काढला की गॅलरी होते. ती स्वस्तात पडते, वर वारा फुकट. मुंबईत गिरणीकामगारांसाठी आणि कारकुनांसाठी जे केलं गेलं, तेच इथे फिलाडेल्फियाच्या कामगार कुटुंबांच्या आठवड्याभराच्या सुट्टीसाठी केलं गेलं. शेजार कुणी ठरवून बांधला नव्हता. काटकसर करताना तो आपोआप झाला.

आईला खोली आवडली ती वेगळ्याच कारणाने. या खोल्यांना एफिशियन्सी म्हणत. कोपऱ्यात छोटी शेगडी, सिंक, बुटका फ्रिज. पहिल्या दिवशी तिने फोडणी दिली आणि लाल मिरचीचा खकाणा गॅलरीभर गेला. शेजारचं कुटुंब क्विबेकचं. कॅनडाच्या फ्रेंच मुलखातून माणसं तेव्हा इथे गाड्या भरभरून येत. कितीतरी मोटेलांवर त्यांच्यासाठी कॅनडाचा झेंडा असायचा. त्या घरचा माणूस खोकत बाहेर आला. आईला वाटलं, आता तक्रार. त्याने हातानेच विचारलं, काय शिजतंय? त्याला इंग्रजी बेताचं, आईचंही बेताचं. पुढची सात वर्षं दोन्ही कुटुंबं ऑगस्टचा तोच आठवडा धरून यायची, आणि त्यांच्यात एकही धड वाक्य कधी बोललं गेलं नाही.

[दृश्य : संध्याकाळ. निऑनच्या पाट्या एकेक करून लागतात.]

आता जरा या पाट्यांकडे बघा. वायकीकी. ताहिती. कासा बहामा. सिंगापूर. सॅटेलाइट. अ‍ॅस्ट्रोनॉट.

हे सगळं आलं साधारण 1950 आणि 60च्या दशकांत. पार्कवे झाला, महायुद्धानंतर कामगाराच्या हातात गाडी आली, पगारी सुट्टी आली, आणि बेटावर बघता बघता शेकडो मोटेलं उभी राहिली. 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, आणि इथल्या पाट्या अवकाशात गेल्या. 1959 मध्ये हवाई हे अमेरिकेचं राज्य झालं, आणि इथे प्लास्टिकची माडाची झाडं उगवली. खरं झाड न्यू जर्सीची थंडी काढणार नाही. प्लास्टिकचं काढतं.

बांधणारे कुणी नावाजलेले आर्किटेक्ट नव्हते. मोरी बंधू, लू आणि विल, हे इथलेच बांधकामवाले. मायामीची झगमगाटी हॉटेलं बघायची आणि त्यातलं परवडेल तेवढं सिमेंटच्या ठोकळ्यांत उतरवायचं, ही त्यांची रीत. 1957चं एब टाइड त्यांचंच, भिंती मुद्दाम कललेल्या. त्याच वर्षीचं कॅरिबियन, तेही लू मोरींचं: चंद्रकोरीसारखा पूल, आणि वरच्या मजल्यावर नेणारा उतार असा, की हवेत तरंगतोय असं वाटावं.

या शैलीला आज डू वॉप म्हणतात. त्या काळी नाक्यानाक्यावर पोरं टोळक्याने सूर धरून गायची, त्या गाण्याचं हे नाव. मोटेलांना ते चिकटलं 1990च्या दशकात. बांधणाऱ्यांना आपण एक शैली जन्माला घालतोय याचा पत्ताच नव्हता. त्यांना फक्त रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीने ब्रेक दाबायला हवा होता.

शिकलेली माणसं या सगळ्याला बटबटीत म्हणायची. बाबासुद्धा म्हणायचे. खोटं हवाई, खोटी झाडं. पण रात्री जेवणं झाली की खुर्ची ओढून ते त्याच गुलाबी-हिरव्या उजेडात बसायचे. त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येत नाही, मग शेजाऱ्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नसे.

[दृश्य : बोर्डवॉक. पिवळी-निळी ट्रॅम कार गर्दीतून वाट काढते. ध्वनी : "वॉच द ट्रॅम कार, प्लीज."]

हा आवाज ऐकला की या भागात वाढलेलं कुणीही आपोआप एक पाऊल बाजूला होतं. 1949 पासून ही गाडी या लाकडी रस्त्यावरून फिरतेय. सुरुवातीचे डबे आणले होते 1939च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातून. जुनं आणायचं, रंगवायचं, चालवायचं, हा या गावाचा मूळ स्वभाव.

मग मोटेलांच्या बाबतीत काय झालं?

[दृश्य : रिकामा पूल, तळाशी पानं. कुंपणाची जाळी. पिवळं यंत्र एका गॅलरीत दात रोवतं.]

हिशेब सरळ होता. मेच्या शेवटचा मेमोरियल डे ते सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे, जेमतेम शंभर दिवसांची कमाई. कर बारा महिन्यांचा, विमा बारा महिन्यांचा. खारा वारा कठडे खातो, निऑन खातो. मालक ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारे, स्वतः चादरी बदलणारे. ते म्हातारे झाले, मुलं वकील नाहीतर परिचारिका होऊन दूर गेली. 2001 नंतर कर्जाचे व्याजदर उतरले आणि किनाऱ्याजवळच्या जमिनीचा भाव त्यावर उभ्या असलेल्या धंद्याच्या कितीतरी पुढे गेला. बिल्डर दारात आला तेव्हा त्यांनी सही केली. मी असते तर मीही केली असती.

एब टाइड 2003 मध्ये पडलं, सॅटेलाइट 2004 मध्ये. काही आठवड्यांत आख्खी गल्ली ओळखू येईनाशी व्हायची. 2006 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या 11 वारसास्थळांत या मोटेलांचं नाव घातलं.

वाचवणारेही होते. त्यांतले एक आर्किटेक्ट स्टीव्हन आयझेनॉर, लास वेगासच्या पाट्यांकडे वास्तुकला म्हणून बघायला शिकवणाऱ्या तिघांपैकी एक. पेनसिल्व्हेनिया आणि येल विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना घेऊन ते या गल्ल्या हिंडले. 1997 मध्ये त्यांनी आणि मोरींच्या पुढच्या पिढीतल्या जॅक मोरींनी डू वॉप प्रिझर्व्हेशन लीग काढली. आयझेनॉर 2001 मध्ये गेले, पाडापाडीचा खरा जोर त्यांनी पाहिला नाही. कॅरिबियन वाचलं आणि 2005 मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं. सर्फसाइड नावाच्या एका जुन्या रेस्टॉरंटचा सांगाडा सुटा करून दुसरीकडे जोडला, त्यात आता संग्रहालय आहे. बाहेरच्या बागेत पडलेल्या मोटेलांच्या पाट्या उभ्या आहेत. रात्री त्या लागतात, आणि खोली मात्र एकीकडेही मिळत नाही.

[दृश्य : तीन-चार मजली फिकट इमारतींची रांग. तळमजल्यावर फक्त गॅरेजची दारं.]

त्यांच्या जागी आले कॉन्डो. आपल्या भाषेत, ओनरशिपचे फ्लॅट. पुराचं पाणी शिरू नये म्हणून राहण्याचे मजले वर, खाली गॅरेज. भिंतींना व्हायनिलच्या पट्ट्या: बदामी, करडा, पुन्हा बदामी. रस्त्यावरून चालताना डोळ्यांच्या उंचीला खिडकी नाही, माणूस नाही, फक्त शटर. ऑक्टोबर ते एप्रिल यांतल्या बहुतेक घरांत दिवा लागत नाही.

काही मोटेलांच्या मालकांनी मधला मार्ग काढला. इमारत तशीच ठेवली आणि खोल्या एकेक करून विकल्या. चाळीची सोसायटी झाली म्हणा ना.

[दृश्य : बाल्कनी. निवेदिकेचा हात कठड्यावर. समोर वाळू.]

आता एक गोष्ट सांगायला हवी. हे निवेदन मी जिथे बसून लिहिलं, ती बाल्कनी अशाच एका कॉन्डोची आहे. आणि आमचं मोटेल याच जागेवर होतं.

2005 साली बाबांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी मिळून हे घर घेतलं. मी संतापले होते. बाबा शांतपणे म्हणाले, "आम्ही नाही घेतलं तर मोटेल परत येणार आहे का? आणि तुझ्या आईला आता जिन्याखालचं बाथरूम नको." त्याच सुमारास गिरगावातल्या त्यांच्या चाळीचीही पुनर्विकासाची बोलणी सुरू होती. तिथल्या काकू फोनवर रडत नव्हत्या. घरात स्वतःचा संडास येणार म्हणून त्या खूश होत्या. गॅलरी गेल्याचं दुःख बहुतेक आमच्यासारख्यांना, ज्यांना तिथे आठ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नव्हतं.

घर उत्तम आहे. दोन बाथरूम, मोठं स्वयंपाकघर, चिमणी इतकी चांगली की फोडणीचा वास दारापर्यंतही पोचत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात असोसिएशनचं पत्र आलं: बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल वाळत घालू नयेत. आईने ते पत्र फ्रिजला लावून ठेवलंय. शेजारच्या बाल्कनीत आणि आमच्यात दुधी काचेची भिंत आहे. पलीकडे कुणीतरी असतं. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

[दृश्य : संध्याकाळ. तळमजला. एका गॅरेजचं शटर वर जातं.]

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. संध्याकाळी साडेपाचला ते लिफ्टने खाली जातात, गॅरेजचं शटर वर करतात, गाडी बाहेर काढायला लावतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत, रस्त्याकडे तोंड करून, घडीची खुर्ची टाकून बसतात. शेजारी दुसरी खुर्ची उघडून ठेवतात. पुढे गाडी असते. तिच्या उघड्या दारावर टॉवेल वाळत असतो, कारण गाडीच्या दाराबद्दल पत्रात काही म्हटलेलं नाही.

[दृश्य : रस्त्यावरून सायकलवर एक मुलगा जातो. वेग कमी करतो. बाबा हात वर करतात. दुसरी खुर्ची अजून रिकामी. प्रकाश मावळेपर्यंत कॅमेरा तसाच.]