वेत: आकड्यांवर चढणारा माड

श्रोतेहो, नमस्कार. घरात वेताची खुर्ची असेल तर ती उलटी करून पायाचा कापलेला भाग बघा. बांबू असता तर मध्ये पोकळी दिसली असती. वेत आतून भरीव असतो आणि कापावर सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतात. या पाणी वर नेणाऱ्या नळ्या. सुगंधी तेलाच्या बाटलीत ज्या काड्या उभ्या ठेवतात, त्या बऱ्याचदा वेताच्याच असतात; तेल याच नळ्यांतून वर चढतं. बांबू गवताच्या कुळातला, वेत मात्र ताड, माड, सिंदीच्या. गडचिरोलीच्या बांबूशी त्याची गाठ पडते ती फर्निचरच्या दुकानातच.

हे कूळ लक्षात ठेवलं की वेताचं सगळं वागणं उलगडतं. साग किंवा आंबा दरवर्षी जाड होतो, कारण त्याच्या सालीखाली नवं लाकूड तयार करणारा थर असतो. ताडकुळात तो नसतो. म्हणून वेताचं रोप उंच व्हायची घाई करत नाही. ते आधी जमिनीलगत पानांचा झुबका करून राहतं, काही जातींत वर्षानुवर्षं. आतल्या आत कोंब रुंदावत जातो आणि पुरेशी जाडी आली की मगच खोड वर निघतं. पुढे ते कितीही लांबलं तरी जाड होत नाही. मलेशिया-सुमात्रातला कॅलॅमस मनान हा वेत 100 मीटरच्याही पुढे जातो, आणि एवढी लांब दोरी आपल्या बळावर उभी राहणं शक्यच नाही.

मग तो चढतो कसा? गुळवेलीसारखा गुंडाळत नाही, द्राक्षासारखे ताणे काढत नाही, मनीप्लँटसारखी मुळंही चिकटवत नाही. त्याच्याकडे काटेरी चाबूक असतो. काही जातींत पानाची मधली शिर टोकाच्याही पुढे वाढून चाबूक होते, मनानचं असंच. काहींत तो पानाच्या म्यानातून, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या पानाच्या बुडातून, निघतो. हा खरं तर फुलोराच, पण फुलं न येणारा. दक्षिण भारतातल्या कॅलॅमस रोटँगचा चाबूक या दुसऱ्या प्रकारचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये नाव दिलेला वेत तो हाच. एका जातीत सहसा दोहोंपैकी एकच प्रकार आढळतो. दोन्हींवर मागे वळलेल्या नख्यांचे झुबके असतात, अगदी विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखे. वाऱ्यानं चाबूक हलतो, शेजारच्या फांदीत अडकतो, आणि खोडाचं वजन खाली ओढेल तशी नखी अधिकच रुतते. माणसाच्या सदऱ्यात अडकली तरी तेच. पुढे ओढलं तर कापड फाटतं. एक पाऊल मागे यावं आणि एकेक आकडा सोडवावा.

आता यातली अडचण. आकडे पानांचे किंवा म्यानांचे, आणि जुनी पानं म्यानासकट गळून पडतात. खालचं खोड मग गुळगुळीत होतं, त्याची पकड सुटते आणि ते आपल्याच वजनानं घसरत खाली येतं. शेंडा वर उजेडात वाढत असतो आणि जुनं खोड जमिनीवर वेटोळी घालून पडलेलं असतं. वेताच्या जंगलात पाय अडकतात ते बहुतेक या वेटोळ्यांत. कोर्थाल्सिया या वेतांच्याच दुसऱ्या एका वंशातल्या काही जातींत म्यानाचा वरचा भाग फुगून पोकळ होतो आणि त्यात मुंग्या राहतात.

आपल्याकडच्या सागवनात वेत सहसा दिसत नाही. चार महिन्यांचा पाऊस, मग उन्हाळ्यात निष्पर्ण झालेली झाडं आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन. वेताला हवी ओली जमीन, दमट हवा आणि कोवळ्या वयात सावली. म्हणून तो पश्चिम घाटात, ईशान्येत, अंदमानात.

कॅलॅमस वंशातल्या वेतांत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळावर खवल्या मांजरासारखे उलटे खवले, आत बहुधा एकच बी आणि तिच्याभोवती आंबटगोड गर. रोपवाटिकेत नेमकं इथेच चुकतं. बी धान्यासारखी वाळवून ठेवली की मरते. गर चोळून धुवावा, बी ओलसर ठेवावी आणि काही दिवसांतच सावलीत पेरावी. उगवायला महिने लागतात, वाफा कोरडा पडू देऊ नये. पुढे रोप रानात लावलं की मात्र वरून उजेड मिळायला हवा, नाहीतर ते झुबक्यातच अडकून राहतं.

तोडणीतही कुळाचा स्वभाव नडतो. मनानचं खोड एकच, वाढणारा कोंबही एकच. कापलं की झाड संपलं. बेटानं वाढणाऱ्या जातींना बुडातून नवे कोंब येतात, तिथे फक्त पिकलेली खोडं निवडून काढायची. म्यानं गळालेला भाग पिकलेला समजावा. शेंड्याकडचे हिरवे काही मीटर टाकून द्यावे लागतात, कारण ते वाळताना सुरकुततात. कापलेला वेत ओला पडून राहिला तर एकदोन दिवसांत निळी-काळी बुरशी शिरते आणि तो डाग पॉलिशनंही जात नाही. जाड वेत म्हणून लवकर तेलात उकळून, पुसून उन्हात वाळवतात. खोडात साठलेल्या पिष्टावर (स्टार्चवर) बारीक भुंगेरेही येतात. खुर्चीखाली पिठासारखी भुकटी दिसली की त्यांनी आत घर केलं समजा.

विणलेली बैठक उन्हाळ्यात सैल पडली असेल तर कोमट पाण्याचं फडकं खालच्या बाजूनं फिरवा. वरची चकचकीत बाजू म्हणजे खोडाची साल. तिच्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं कठीण खनिज, असते, तिथून पाणी नीट मुरत नाही. खालून मुरतं. मग रात्रभर सावलीत, कुणीही न बसता, वाळू द्या. वाळताना वीण आक्रसते आणि बैठक पुन्हा ताठ होते.