बॅकअप घेतलात, परत उभा करून पाहिलात का?

(दादर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आंतरराष्ट्रीय संस्थेतली डेटाबेस इंटर्नशिप’. अर्ज कसा करायचा ते सांगेनच. पण तिथे जाऊन नेमकं कोणतं काम मागून घ्यायचं, हे कुणी सांगत नाही, म्हणून आधी ते. आयोजकांनी आत्ताच घड्याळाकडे पाहिलंय, तेही लक्षात आहे.

उदाहरणाला जिनिव्हाची सर्न, म्हणजे कणभौतिकीची आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा, घेऊ. इथल्या बऱ्याच जणांची समजूत अशी की कणांच्या टकरींचा सगळा डेटा तिथे ओरॅकल या डेटाबेसच्या टेबलांत भरतात. तसं नाही. तो फायलींमध्ये असतो. आधी डिस्कवर, मग मॅग्नेटिक टेपवर. हसू नका, टेप अजून जोरात आहे. डेटाबेसमध्ये असतं ते बाकीचं: टक्कर झाली तेव्हा डिटेक्टरचं, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राचं, कॅलिब्रेशन (मापं जुळवण्याचे आकडे) काय होतं, कोणती फाइल कुठे ठेवलीय, त्वरकाच्या उपकरणांच्या नोंदी, शिवाय कार्यालयीन कारभार. ओरॅकल तिथे १९८२ पासून आहे. जोडीला ‘डीबी ऑन डिमांड’ नावाची सेवा आहे. संशोधकाने मागितलं की मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस डेटाबेस मिळतो. डेटाबेस त्याचा, बॅकअप घेण्याची आणि त्यातून परत उभं करण्याची, म्हणजे रिस्टोअरची, यंत्रणा टीमची. आता कॅलिब्रेशनचं टेबल गेलं, तर टेपवरचा डेटा शाबूत असूनही त्याचा अर्थ लावता येणार नाही. म्हणजे आकाराने छोटं, पण वजनाने मोठं.

अशा ठिकाणी इंटर्नला प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेच्या, चाव्या कोण देणार? कुणीच नाही, आणि देऊही नयेत. मग उरतं काय? रिस्टोअरची चाचणी. ती वेगळ्या मशीनवर होते, चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि रोजच्या धबडग्यात नेमकी तीच राहून जाते. बॅकअप सगळेच घेतात. शेजाऱ्याकडे ठेवलेली जादा किल्ली कुलपाला एकदा लावून पाहावी, एवढं मात्र कुणाला सुचत नाही.

गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७चं प्रकरण माझं लाडकं आहे, थोडा वेळ लागेल. स्पॅममुळे डेटाबेसवर ताण आला आणि मुख्य सर्व्हरची सतत नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला. तो नव्याने भरायचा ठरलं. त्यासाठी पोस्टग्रेसची पूर्ण प्रत काढणारं पीजी-बेसबॅकअप चालवलं, तर पडद्यावर काहीच हालचाल नाही. खरं तर ते मुख्य सर्व्हरच्या चेकपॉइंटची, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरण्याची, वाट बघत गप्प बसलं होतं. इंजिनिअरला वाटलं, डेटा डिरेक्टरी रिकामी नाही म्हणून अडलंय. त्याने ती पुसली. फक्त सर्व्हर चुकला. दोन नंबरऐवजी एक नंबर, म्हणजे मुख्य. दोनेक सेकंदांत थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीतले साडेचारच उरले.

ठीक आहे, बॅकअप आहे ना! आता ऐका. डेटाबेस फाइलमध्ये उतरवून घेणारं पीजी-डंप ९.२ आवृत्तीचं चालत होतं, डेटाबेस ९.६चा. आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला पीजी-डंप नकार देतं, त्यामुळे क्लाउडवरची बॅकअपची जागा रिकामी. अपयशाची ईमेल जात होती, पण डीमार्कच्या, म्हणजे ईमेल खरंच त्याच पाठवणाऱ्याची आहे का या, तपासणीत ती नाकारली जात होती. क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डिस्कच्या प्रती, डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी कामी आला तो एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. तोही संथ डिस्कवर, म्हणून नुसत्या कॉपीला अठराएक तास गेले. कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी की सगळं उघड लिहिलं आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. आपल्याकडे ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढ्यावर भागतं.

‘आमच्याकडे रेप्लिका, म्हणजे सतत जुळती राहणारी दुसरी प्रत, आहे’ असं इथे कुणीतरी म्हणणारच. चुकून दिलेली ‘ड्रॉप टेबल’ ही टेबल उडवणारी आज्ञा रेप्लिकावरही काही क्षणांत पोचते. आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवणाऱ्यांना २६ जुलै २००५ची आठवण करून द्यायला मुंबईत तरी लागू नये. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तळघरातल्या सर्व्हरला पोहता येत नाही.

घरी सराव असा करा. दोन व्हर्च्युअल मशीन घ्या. पोस्टग्रेसच्या पीजीबेंच या चाचणी-साधनाने स्केल १०० देऊन डेटा भरा. मुख्य टेबलात एक कोटी ओळी येतात. आर्काइव्ह मोड चालू करा, वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदींच्या फायली, दुसऱ्या मशीनवर पाठवा. इथली पहिली खोच: ही पाठवणी करणारी आर्काइव्ह कमांड फसत राहिली तर वॉल साचते आणि डिस्क भरून डेटाबेस बंद पडतो. मग बेसबॅकअप घ्या, थोडे व्यवहार चालवा, वेळ टिपा, टेबल उडवा. दुसऱ्या मशीनवर बेसबॅकअप ठेवा, त्या वॉल फायली परत आणणारी रिस्टोअर कमांड आणि टेबल उडवण्याआधीची लक्ष्यवेळ लिहा, रिकामी रिकव्हरी-सिग्नल फाइल बनवा आणि सुरू करा. लक्ष्यवेळेपुढे ‘+०५:३०’ लिहायला विसरलात आणि सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असला, तर तुमचे दुपारचे तीन म्हणजे त्याच्या लेखी इथले रात्रीचे साडेआठ. तिथवरची वॉलच नाही, म्हणून पोस्टग्रेसच्या तेराव्या आवृत्तीपासून तो चूक दाखवून थांबतो. वेळ बरोबर असेल तर लक्ष्यावर पोचून पॉझ होतो. डेटा वाचता येतो, लिहिता येत नाही. ‘अडकला’ म्हणून पोरं तो मारतात. अडकलेला नसतो. आधी ओळी मोजा, मग रिझ्यूम करा.

हं, चिठ्ठी आली: पाच मिनिटं. तर अर्ज.

सर्नचा ओपनलॅब समर स्टुडंट कार्यक्रम नऊ आठवड्यांचा असतो. पदवीची किमान तीन वर्षं झालेली लागतात, अर्जाची मुदत साधारण जानेवारीअखेर संपते. भारत २०१७ पासून तिथला सहयोगी सदस्य आहे, आणि तिथल्या सीएमएस प्रयोगाचं टिअर-टू, म्हणजे दुसऱ्या स्तरावरचं संगणन केंद्र, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आहे. तिथल्या लोकांशी बोलून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला मानधन नसतं, त्यामुळे न्यूयॉर्कचं भाडं कोण भरणार ते आधी घरी ठरवा.

अर्जात ‘एसक्यूएल येतं’ लिहू नका, सगळेच लिहितात. एवढ्या जीबीचा डेटाबेस अमुक क्षणापर्यंत परत उभा केला, इतकी मिनिटं लागली, ओळींची संख्या अशी पडताळली, हे लिहा. निवड झाली की मेंटॉरला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचारा: किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, आणि बंद पडलं तर किती वेळात उभं राहायला हवं. मग रोज रात्री एक बॅकअप निवडून आपोआप रिस्टोअर करणारी, ओळी तपासणारी, वेळ नोंदवणारी स्क्रिप्ट प्रकल्प म्हणून मागा. आणि हो, अपयशाची ईमेल खरंच पोचते का, हे स्क्रिप्ट मुद्दाम बिघडवून पाहा.