इन्सुलिन थांबल्यानंतरचं मांजर

मंडळी, नमस्कार. मधुमेही मांजराचं इन्सुलिन बंद झालं की घरात आनंदीआनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. रोज बारा-बारा तासांनी सुई टोचायची, त्यापायी लग्नकार्यं आणि जत्रा चुकवायच्या, हे सोपं नसतं. पण आज इथे फोंड्यात मला कळकळीनं सांगायचंय ते हे, की इन्सुलिन थांबलं म्हणजे आजार निवला, गेला नाही. त्या दिवशी सुई ठेवून द्या, साखर मोजायचं यंत्र मात्र हाताशीच राहू द्या.

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. वजन वाढतं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी राबून थकतात आणि चढलेली साखर त्यांना आणखी मारते. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर काबूत आणली की या पेशींना उसंत मिळते, काही पुन्हा कामाला लागतात. २००९ साली रूम्प आणि रँड या संशोधकांनी ग्लार्जिन या बराच वेळ टिकणाऱ्या इन्सुलिनवरच्या ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. उशीर झालेल्यांत फक्त ३५ टक्क्यांचं. म्हणजे आशेला जागा भरपूर आहे. पण सुटलेल्यांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला आजार उलटतो, कारण वाचलेल्या पेशी मुळातच थोड्या असतात.

म्हणून इन्सुलिनशिवाय निदान चार आठवडे साखर ठीक राहिल्याशिवाय आम्ही डॉक्टर मंडळी मांजर सावरलं असं म्हणत नाही. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून एक-दोनदा आणि सगळं ठीक असेल तर पुढे महिन्यातून एकदा तरी मोजा, असं मी सांगतो.

मोजायचं ते घरीच. दवाखान्यात पिंजऱ्यातून आणलेल्या, कुत्र्यांच्या भुंकण्यानं बिथरलेल्या निरोगी मांजराचीही साखर दोनशेच्या वर जाऊ शकते. घरी ते तुमच्या मांडीवर असतं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं कानाला मिनिटभर लावा. कानाच्या बाहेरच्या कडेनं एक बारीक शीर जाते. ती शीर आणि कड यांच्या मधोमध टोचायचं, मागून कापसाचा बोळा धरून, म्हणजे तुमचं बोट वाचेल. मोहरीएवढा थेंब उभा राहिला की पट्टीचं टोक त्याला नुसतं टेकवा, रक्त ती स्वतःच ओढून घेते. मग कापूस दाबून धरा आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्या. चार-सहा दिवसांत बरीच मांजरं त्या तुकड्यासाठी आपणहून येऊन बसतात.

माणसांचं यंत्र मांजराची साखर बऱ्याचदा खरीपेक्षा कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात साखरेचा फारच थोडा भाग लाल पेशींमध्ये असतो. प्राण्यांसाठीचं यंत्र मिळालं तर उत्तम. नाही तर एकच यंत्र धरून ठेवा आणि डॉक्टरांना ते कोणतं आहे ते सांगा. आणि आपला पाऊस! जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली की आकडे भरकटतात. एक पट्टी काढा, झाकण लगेच लावा.

लघवीच्या पट्टीवर कोणी विसंबू नये. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली साखर साधारण अडीचशे-तीनशेच्या पुढे गेल्यावर. मांजर लघवी करतं त्या माती भरलेल्या तसराळ्याला मुंग्या लागल्या असं कोणी सांगितलं की मला वाटतं, हे महिनाभर आधी कळायला हवं होतं. फ्रक्टोसअमाइन नावाची रक्ताची तपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. तीही करून घ्या, पण ती घरच्या मोजणीची जागा घेत नाही.

आता खाण्याचं. इथे घरोघरी मांजराला शीत-कडी, म्हणजे भात-कालवण, आणि नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, डोकं मिळतं. मांजर मूळचं मांसाहारी, भाताची त्याला गरजच नाही, आणि कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं. डबाबंद ओलं खाद्य, उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला न घातलेला बांगडा चालेल. नुसत्या मासळीवर मात्र ठेवू नका. शेजारणीला हात जोडून सांगा, कारण वाड्यावरचं मांजर चार घरी जेवतं. आणि खाज सुटली म्हणून कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालं, तर आधी मधुमेहाचं सांगा. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडनं सावरलेलं मांजर पुन्हा घसरतं.

एकच आकडा चढला तर घाबरू नका, तासाभरानं परत मोजा. पण दोन-तीन दिवस साखर १८० च्या वर राहिली, मांजर पाण्याच्या भांड्याशी घुटमळू लागलं, वजन उतरलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. खाणं सोडून ते उलट्या करत असेल तर फोनवर थांबूही नका, तडक घेऊन या. कीटोनचा धोका असतो, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यानं शरीर चरबी जाळतं आणि त्यातून रक्तात आम्ल साचतं. फ्रीजमध्ये राहिलेलं जुनं इन्सुलिन काढून स्वतःच्या मनानं डोस देऊ नका. यू-१०० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, यू-४० म्हणजे ४०. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर त्याच खुणेवर अडीचपट औषध जातं, आणि तेवढ्यानं मांजर जीवानिशी जाऊ शकतं. लवकर पुन्हा सुरू केलं तर काही मांजरांचं इन्सुलिन दुसऱ्यांदाही सुटतं. पहिल्याइतकं सहज नव्हे, पण सुटतं.