समोरच्या खुर्चीतला नट

श्रोतेहो, नमस्कार. चाकणजवळच्या एका कारखान्यात, सुपरवायझरांच्या प्रशिक्षणवर्गात पाहिलेला एक प्रसंग आधी सांगतो. हाताखालच्या माणसाला रजा नामंजूर झाल्याचे कळवायचे, एवढेच काम होते. सुपरवायझर खरा होता. समोरचा कामगार मात्र पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरचा एक नट होता. "बसा," असे म्हणताना सुपरवायझरची नजर मोबाइलवर होती. नट खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पुढची चार मिनिटे "हो साहेब" याखेरीज काही बोलला नाही. विषय शांतपणे मिटला, म्हणून सुपरवायझर खुशीत होता. मग भूमिका बाजूला ठेवून नट म्हणाला, "वडिलांचं ऑपरेशन आहे, हे मी सांगणार होतो. पण मोबाइल काही तुमच्या हातातून सुटेना, तेव्हा म्हटलं, राहू दे."

हे वाक्य सहकाऱ्याच्या तोंडून आले नसते. अशा वर्गांत सहकारीच एकमेकांसमोर भूमिका करतात तेव्हा हसू फुटते, एकमेकांना सांभाळून घेतले जाते, कारण उद्या त्याच कँटीनमध्ये शेजारी बसायचे असते आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनाची धास्तीही असते. नटाला यातले काही नडत नाही. शिवाय तोच प्रसंग "बसा"पासून पुन्हा, तितक्याच खरेपणाने उभा करण्याची त्याला तालमीत सवय झालेली असते.

या पद्धतीची पाळेमुळे वैद्यकीय शिक्षणात आहेत. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला निरोगी माणसांना रुग्णाची लक्षणे हुबेहूब वठवायला शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले. पुढे अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी २००४ पासून २०२० पर्यंत अशाच रुग्णांसमोर परीक्षा द्यावी लागे. योगायोग असा की पुण्यातला पुरुषोत्तम करंडक, म्हणजे महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, हाही १९६३ चाच. भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर घडलेली कितीतरी मुले आज नोकरी सांभाळून नाटक करतात, त्यामुळे या कामाला लागणारी माणसे आपल्या शहरात शोधावी लागत नाहीत.

मात्र चांगला नट इथे कमी अभिनय करतो. त्याला संवाद दिलेले नसतात, एक पानभर माहिती असते: वय, नोकरीची वर्षे, विचारल्यावरच सांगायची गोष्ट, आणि आपुलकीने विचारले तरच सांगायची गोष्ट. समोरच्याने आवाज चढवला की तो किती मिटायचे हे जागीच ठरवतो. पहिल्याच मिनिटाला डोळ्यांत पाणी आणणारा नट टाळ्या घेईल, पण सुपरवायझरच्या हाती काही लागणार नाही. 

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यासंबंधी प्रशिक्षण असेल, तर तक्रारदाराची भूमिका कर्मचाऱ्याला कधीही देऊ नये. वर्गातल्या कोणावर तसा प्रसंग खरोखर गुदरला आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. नटालाही मध्येच थांबण्याची मुभा हवी, आणि शेवटी स्वतःच्या नावाने बोलून भूमिकेतून बाहेर पडायला वेळ हवा.

चाकणच्या त्या वर्गात प्रसंग दुसऱ्यांदा झाला. या वेळी मोबाइल ड्रॉवरमध्ये गेला आणि "बसा"च्या पाठोपाठ "घरी सगळं ठीक ना?" असा प्रश्न आला. नट तरीही लगेच बोलला नाही. सुपरवायझर थांबून राहिला, खोलीत फक्त पंख्याचा आवाज येत होता, आणि मग नट खुर्चीत थोडा मागे सरकून म्हणाला, "साहेब, वडिलांचं जरा..."