परभणी ते बर्फ

(दृश्य: परभणी रेल्वे स्थानक, डिसेंबरातली सकाळ. फलाटावर कानटोप्या, शाली, सुटकेसा.)

परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली. कडाक्याच्या दिवसांत इथं पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि चहाच्या टपरीवर तीच चर्चा. आज फलाटावर चाळीसेक माणसं उभी आहेत, याहून मोठी थंडी बघायला निघालेली. आजी-आजोबा आहेत, नवी जोडपी आहेत, परीक्षा संपवून आलेली लेकरं आहेत. प्रत्येकाच्या पिशवीत वर एक स्टीलचं ताट दिसतंय. ते कशासाठी, हे जालना ओलांडेपर्यंत कळेलच.

मराठवाड्याच्या माणसाला बर्फ म्हटलं की आधी गारपीट आठवते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या गारा पडल्या. उभा गहू झोपला, काढणीला आलेली ज्वारी गेली, मोसंबीच्या बागा झोडपून निघाल्या. अंगण पांढरं झालेलं बघून पोटात गोळा आला, अशी ती माणसं. त्यांचीच नातवंडं आता म्हणतात, बर्फात घसरायचंय. आणि त्यांनी का घसरू नये? या पट्ट्यातल्या माणसानं आयुष्यात एकदा तरी हिमालय बघावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न एवढाच, की त्या बर्फापर्यंत जाताना आपण किती धूर सोडतो. कारण धुरानंच तो बर्फ वितळत चाललाय.

(दृश्य: वसमत रोडवरचं छोटं कार्यालय. टेबलावर जाड वही.)

या सहलीचे आयोजक गेली बरीच वर्षं कुलू-मनाली, काश्मीर करतात. त्यांच्याकडे एक वही आहे. परतीच्या प्रवासात ती डब्यातून फिरते आणि ज्याला जे खटकलं ते त्यानं लिहायचं. ते तिला तक्रारवहीच म्हणतात. आम्ही ती पानन्‌पान वाचली.

सगळ्यात लांब तक्रार जानेवारी २०२४ ची आहे. त्या वर्षी गुलमर्गला ऐन जानेवारीत जमीन उघडी पडली होती. उतारावर वाळकं, तपकिरी गवत. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, चालू होता, पण खाली बघायला काही नव्हतं. पत्रकावर मात्र मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘बर्फाची हमी’. एका मावशींनी लिहिलंय, ‘एवढे पैसे भरून आम्ही काय गवत बघायला आलाव का? लेकरं रडायलीत.’

आयोजक सांगतात, की ती हमी पाळायची म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी दहा टॅक्स्या केल्या आणि बर्फाच्या मागे धावले. या खिंडीत बघ, त्या वळणावर बघ. दिवसभर डिझेल जळालं. संध्याकाळी मूठभर मळका बर्फ सापडला, तोही रस्त्याच्या कडेचा.

पुढच्याच वर्षी, २०२५ ला, गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. खेळाडूंनाच बर्फ मिळत नसेल, तर सहलवाल्यानं हमी कशाच्या जोरावर द्यायची? ‘बर्फाची हमी’ ही ओळ त्यांनी पत्रकातून काढून टाकली. त्या जागी आता लिहिलंय, ‘बर्फ निसर्गाच्या मर्जीवर. जेवण, झोप आणि गरम पाणी आमच्या जबाबदारीवर.’

गिऱ्हाईक तुटेल, असं त्यांच्या मुलाला वाटलं होतं. तसं झालं नाही. वही चाळली तर कारण दिसतं. ‘गाडीला वेळ लागला’ ही तक्रार क्वचित आहे. पानंच्या पानं भरलीत ती तीन गोष्टींनी. आंघोळीला पाणी गार, जेवण गोड, आणि सांगितलं एक, दाखवलं एक. यातली एकही गोष्ट रेल्वेऐवजी विमानानं गेल्यानं सुटत नाही.

(दृश्य: गाडी फलाटावर येते. सामान चढतं.)

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस. एकूण प्रवास दोन हजार किलोमीटरहून जास्त. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करत गाडी उत्तरेकडे वळते. दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली, पुढे अंबाला, आणि तिथून बसनं मनाली.

आता हिशेब. संभाजीनगर ते दिल्ली हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. विमानात माणशी, किलोमीटरमागे ढोबळ १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका बाजूला माणशी १०० किलो होतो. चाळीस माणसं जाऊन-येऊन आठ टन. रेल्वेचं अंतर जास्त, तरीही तो आकडा विमानाच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर येतो. हॉटेलातले दिवे, प्लॅस्टिकच्या बाटल्या, टॉवेल रोज धुवायचे की नाही, हे सगळं करावंच. पण विमानातून उतरून टॉवेल वाचवण्यात फारसं हशील नाही. लांबच्या सहलीत मोठा वाटा जाण्या-येण्याचा असतो. युरोपात आल्प्सला स्कीइंगसाठी जाणाऱ्यांचंही तेच आहे.

जालना गेलं. शीख सेवेकरी बादल्या घेऊन आलेत. लंगर. या गाडीत वर्षानुवर्षं वाटेतल्या स्थानकांवर प्रवाशांना फुकट जेवण वाढतात, आणि माहितगार माणूस घरून ताट घेऊन चढतो. कढी-भात, कधी छोले, कधी खिचडी. पिशवीतली ताटं बाहेर निघतात. समोरच्या बाकावरच्या आजी आधी संकोचतात, मग दोनदा कढी घेतात. घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्या सेवेकऱ्याच्या हातावर ठेवतात. एकदा वापरून फेकायच्या ताटल्यांचा ढीग या डब्यात दिसला नाही.

(दृश्य: अंबाला. रात्र. एक मोठी बस.)

अंबाल्याला चाळीस माणसांसाठी एकच बस. पूर्वी इथं चार-चार जणांच्या दहा टॅक्स्या व्हायच्या, कारण ‘आमची वेगळी गाडी’ म्हणजे प्रतिष्ठा. मनालीपर्यंत एका टॅक्सीला २० लिटर डिझेल धरा, दहा गाड्यांना २०० लिटर. बसला घाटातही ७० लिटरच्या आसपास पुरतं. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तीच माणसं, तोच रस्ता, आणि धूर साधारण एक-तृतीयांश. वाचलेल्या पैशांतून आयोजक एक आचारी सोबत नेतात. जेवण गोड लागल्याच्या तक्रारी तिथंच संपल्या. मनालीच्या थंडीत येसर आमटीचा वास सुटला, तेव्हा शेजारच्या मुक्कामातली दिल्लीकर मंडळी वाटी घेऊन आली, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

(दृश्य: मनालीजवळचं एक गाव. लाकूड-दगडाची घरं.)

मुक्काम मोठ्या हॉटेलात नाही. काष्ठकुणी पद्धतीची जुनी घरं, लाकडाचा थर, दगडाचा थर, पुन्हा लाकूड. जाड भिंती ऊब धरून ठेवतात. हॉटेलात प्रत्येक खोलीत हीटर, आणि हिमवादळात वीज गेली की जनरेटर. हिमाचलची वीज बरीचशी पाण्यावरची, पण हिवाळ्यात नद्या आटतात आणि वीज बाहेरून घ्यावी लागते. इथं मात्र रात्री सगळे एकाच खोलीत, मधोमध लोखंडी तंदूर, त्यावर पाण्याचं पातेलं. लाकूड जळतं, धूरही होतो, ते लपवायचं कारण नाही. पण दहा खोल्या तापवण्याऐवजी एक तापते. घरमालकीण सिड्डू, म्हणजे तिथले पिठाचे उंडे, वाफवतात, वर तूप सोडतात. आमच्या आजींनी पहिला घास घेतला आणि विचारलं, ‘बाई, हे पीठ किती वेळ भिजवलंस?’ एकीला मराठी येत नाही, दुसरीला हिंदी धड येत नाही. अर्धा तास दोघी बोलत होत्या.

वहीत या मुक्कामाबद्दल एक तक्रार आहे, संडास खोलीबाहेर असल्याची. ती रास्त आहे. पुढच्या खेपेपासून गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना आत सोय असलेली घरं ठरवलीत. ज्यांना रेल्वेत इतके तास बसणं खरंच झेपत नाही, त्यांच्यासाठी विमानाचा पर्यायही ठेवलाय. ओढून-ताणून कुणालाच पाठवत नाहीत.

(दृश्य: मनालीजवळच्या सोलंगचा उतार. लेकरं.)

बर्फ मिळाला. भरपूर नाही, पण मिळाला. भाड्याचे कोट, भाड्याचे गमबूट, पायाला बांधलेल्या स्कीच्या पट्ट्या. परभणीचा एक बारा वर्षांचा मुलगा सात वेळा आपटला आणि आठव्यांदा दहा पावलं घसरत गेला. बाजूला पेट्रोलवरची स्नो स्कूटर घरघरत होती. तिकडं त्यानं बघितलंही नाही.

मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, १९६१ साली सुरू झालेली. ती हिवाळ्यात स्कीइंगचे अभ्यासक्रम घेते. आयोजक आता कॉलेजातल्या पोरांना सांगतात, दर वर्षी तीन दिवस येऊ नका. एकदाच या, राहा आणि नीट शिका.

कृत्रिम बर्फाचं काय, असं एकानं विचारलं. उत्तराखंडात औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फ बनवणारी यंत्रं बसवली होती. पाणी दाबानं फवारायचं, हवा शून्याखाली हवी, वीज अखंड हवी. हेक्टरभर उतारावर फूटभर बर्फ अंथरायचा तर दहा लाख लिटरच्या वर पाणी लागतं. आकडा ऐकून बसमधले लातूरचे एक गुरुजी गप्प झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा ते कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते. त्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. गुरुजी म्हणाले, ‘म्हणजे दोन गाड्या पाणी, घसरायला?’

(दृश्य: अमृतसर. संध्याकाळ.)

परतीला बस सरळ अमृतसरला. ज्यांच्या जिल्ह्याशेजारी हुजूर साहिब आहे, त्यांना हरमंदिर साहिबची, म्हणजे सुवर्णमंदिराची, ओढ असतेच. पूर्वी मनाली एका वर्षी आणि अमृतसर दुसऱ्या वर्षी, अशा दोन सहली निघत. आता अकरा दिवसांची एकच. दोनदा जाण्या-येण्याऐवजी एकदा. शिवाय सचखंड अमृतसरहूनच सुटते.

(दृश्य: पुन्हा वसमत रोडचं कार्यालय. फोन वाजतो.)

‘हां, बोला काकू. विमानानं? आहे की. पण आधी सचखंडचं ऐका. अकरा दिवस, जेवण आपलं, अमृतसर धरून... हो, ताट घरूनच आणायचं. नाही, बर्फाचं मी काही सांगू शकत नाही. पडला तर पडला... बरं, मालकांना विचारून सांगा.’

फोन ठेवून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. निघायच्या तारखेपासून बोटानं मागे मोजत जातात, एका चौकोनावर पेन्सिलीनं गोल करतात आणि आत लिहितात, ‘सकाळी ८, खिडकीवर’.