महानगरातला सुट्टीचा दिवस शरीराला मानवेल असा कसा घालवावा?

नमस्कार. मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या बहुतेकांची सुट्टी एक तर आठवड्याची झोप भरून काढण्यात जाते, नाहीतर साचलेली कामे उरकण्यात. संध्याकाळी अंग जड झालेले असते आणि दिवस हातून निसटल्याची हळहळ वाटते. माझेही कित्येक वर्षे असेच व्हायचे, आणि त्याचे मूळ सकाळच्या पहिल्या दोन तासांत आहे हे उमगायला बराच काळ गेला. म्हणून आज मुख्यतः त्या सकाळविषयीच बोलणार आहे.

आपल्या मेंदूत एक जैविक घड्याळ असते आणि ते जुळते ठेवण्याचे काम प्रामुख्याने प्रकाश करतो. रोज साडेसहाला उठणारा माणूस सुट्टीच्या दोन्ही दिवशी साडेनऊला उठू लागला, की त्याचे घड्याळ मागे सरकू लागते. मग रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवारी गजर वाजतो तेव्हा शरीराच्या लेखी अजून रात्रच असते. टिल रोनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रकाराला ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. झोप अपुरी झाली असेल तर ती जरूर भरून काढावी, कारण प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागतेच. मात्र त्यासाठी आदल्या रात्री लवकर निजावे किंवा दुपारी वीस मिनिटांची डुलकी काढावी. उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उठल्यावर बाहेर पडावे. दिवे लावलेल्या कार्यालयात साधारण ३०० ते ५०० लक्स (प्रकाशाचे प्रमाण मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर ढगाळ दिवशीही उघड्यावर तो हजारो लक्सच्या घरात जातो आणि भर उन्हात एक लाखाच्या आसपास पोहोचतो. खोलीतून बाहेर पाऊल टाकताच डोळे किलकिले होतात, तेव्हा हाच फरक आपल्याला जाणवत असतो.

आता चालण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही इतपत. हा व्यायाम एक-दोन दिवसांतच केला तरी हृदयाला जवळपास तितकाच लाभ होत असल्याचे मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे कामाच्या दिवशी वेळ न मिळणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सवय नसेल तर पहिल्याच दिवशी दोन तास चालू नये, एवढे मात्र सांभाळावे.

शहरात किती चाललो याइतकेच कुठून चाललो यालाही महत्त्व आहे. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण मुख्य रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असतात आणि शे-दोनशे मीटर आत गेल्यावर त्यांचे प्रमाण बरेच उतरते. मुख्य रस्त्यावर सोबत्याशी ओरडून बोलावे लागते. दोन गल्ल्या आत वळलो की आवाज आपसूक खाली येतो आणि खांदेही सैल पडतात. थंडीच्या दिवसांत गार, जड हवेचा थर जमिनीलगत साचतो आणि धूर त्यातच अडकून राहतो, म्हणून पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर निघावे. उन्हाळ्यात मात्र दुपारी जमिनीलगत ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू वाढत असल्याने सकाळच बरी. निघण्यापूर्वी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहून घ्यावा.

फेरीच्या वाटेवर एखादे उद्यान असेल तर तिथे थांबावे. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारित २०१९ च्या एका अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा वेळ एकाच दिवशी घालवला की थोडा थोडा, याने फरक पडत नव्हता. निसर्गामुळेच प्रकृती सुधारली, असे यातून सिद्ध होत नाही. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. माझ्या नेहमीच्या बाकासमोर एक जुने झाड आहे. त्याच्या बुंध्यावरच्या एका भेगेतून मुंग्यांची रांग वर चढते आणि एका ठरावीक गाठीपाशी हमखास वळसा घेते. ते पाहताना फोनची आठवणही होत नाही.

घरची कामे दुपारी दोन तासांत बसवावीत आणि उरतील ती उरू द्यावीत. मित्रांना भेटायचे असेल तर बसून गप्पा मारण्याऐवजी चालत माराव्यात. चहा-कॉफी मात्र दुपारीच आटोपावी, कारण रक्तातले कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात आणि संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातला निम्मा अंश रात्री अकराला, दिवा मालवताना, अजून शरीरात असतो.